हरवलेले मूल आणि जाहिरातीची जागा



जुन्या मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर, वधूवरांच्या जाहिराती आणि लिलावाच्या नोटिसा ह्यांच्या मधोमध, दोन-तीन ओळींचा एक मजकूर असे. आपणांपैकी पुष्कळांनी तो वाचला असेल. चिरंजीव अमुक, असशील तेथून निघून ये, आईने अंथरूण धरले आहे, तुला कोणी काही बोलणार नाही, गाडीभाड्यास पैसे नसल्यास पत्र टाक. क्वचित शेजारी अंगठ्याएवढे छायाचित्र असे, आणि छपाईच्या शाईत ते असे काळवंडून जाई की जन्मदात्या आईनेही ते ओळखले नसते. शाळकरी वयात आम्ही तो मजकूर मोठ्याने वाचून हसत असू. पुढे स्वतःची मुले झाल्यावर तसे हसू आले नाही.

त्या मजकुरात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तो वाचकांना उद्देशून नसे. तो हरवलेल्या मुलाशीच बोलत असे. परीक्षेत नापास होऊन किंवा सिनेमाच्या वेडाने मुंबईस पळालेला पोरगा कोठल्या तरी हॉटेलात कपबश्या विसळीत असेल, भज्यांच्या पुड्याचा कागद उलगडताना त्याची नजर आपल्या नावावर पडेल, आणि तो गाडीत बसेल, अशी बापाची भाबडी आशा त्यामागे असे. भाबडी खरी, पण अगदीच निराधार नव्हे. पळून गेलेल्या मुलाला परतीची वाट मोकळी आहे हे कळणे, हीच पुष्कळदा खरी अडचण असते.

आजचा माझा विषय ह्या दोन ओळींच्या वंशावळीचा आहे. जाहिरात म्हणजे दुसऱ्याच्या नजरेवर क्षणभर मिळवलेला ताबा. साबण खपवण्यासाठी जी नजर विकत घेतली जाते, तीच हरवलेल्या मुलासाठी उसनी मागावी, ही कल्पना वर्तमानपत्रातून दुधाच्या खोक्यावर, तेथून टपालाच्या पत्त्यावर आणि आता संगणकाच्या व मोबाईलच्या पडद्यावर येऊन पोचली आहे. तिने मुले सापडली काय, आणि सापडली नाहीत तेथे तिने काय केले, हे आपल्याला पाहावयाचे आहे. हे पाहताना एकच प्रश्न हाताशी ठेवू या: ही जाहिरात बोलते कोणाशी?

छापील कागदाच्या आधी दवंडी होती, आणि जत्रेत ती आजही आहे. प्रयागच्या मेळ्यात १९४६ साली राजाराम तिवारी ह्या गृहस्थांनी पत्र्याचा कर्णा हाती घेऊन चुकल्यामाकलेल्यांची नावे पुकारण्यास आरंभ केला आणि त्यातून 'भुले भटके शिबिर' उभे राहिले. तेथे काम त्या मानाने सोपे. शोधणारा आणि हरवलेला दोघेही कर्ण्याच्या टापूत असतात. अंतर किती आहे हेच ठाऊक नसते तेव्हा खरा प्रश्न सुरू होतो.

तो प्रश्न जगाच्या चव्हाट्यावर पहिल्याने मोठ्या प्रमाणात आला तो अमेरिकेत, फिलाडेल्फिया शहरातल्या जर्मनटाउन ह्या वस्तीत. तारीख होती १ जुलै १८७४. ख्रिश्चन रॉस नावाच्या व्यापाऱ्याची दोन मुले घरासमोर खेळत होती. घोडागाडीतून आलेल्या दोन माणसांनी त्यांना खाऊचे आणि फटाक्यांचे आमिष दाखवले. चार जुलैचा स्वातंत्र्योत्सव तोंडावर आला होता. थोरल्याच्या हातावर पैसे ठेवून त्याला दुकानात पाठवले. तो फटाके घेऊन बाहेर आला तो गाडी नाही आणि चार वर्षांचा चार्लीही नाही. पुढे पत्रे येऊ लागली. वेडेवाकडे हस्ताक्षर, अशुद्ध लेखन, आणि मागणी वीस हजार डॉलरची. रॉसचे घर मोठे असल्यामुळे चोरांनी त्याला गबर समजले होते. वस्तुतः आदल्या वर्षीच्या मंदीत त्याचा व्यापार बुडाला होता.

आता गंमत पाहा, गंमत हा शब्द येथे कठोर वाटेल, परंतु पाहा. चोरांनी उत्तर कोठे मागितले? वर्तमानपत्राच्या खाजगी जाहिरातींच्या रकान्यात. बापाने सांकेतिक शब्दांत दोन ओळी छापावयाच्या, चोरांनी त्या वाचावयाच्या आणि पुढचे पत्र टाकावयाचे. सारे शहर तो रकाना वाचत होते, पण ती जाहिरात एकाच माणसाला उद्देशून होती आणि तो माणूस चोर होता. दुसऱ्या बाजूने मुलाचे वर्णन आणि चित्र असलेली पत्रके देशभर वाटली गेली. ती मात्र अनोळखी माणसाशी बोलत होती: तुमच्या गावात असे मूल कोणी नवे आणले आहे काय? आणि अनोळखी माणूस बोलू लागला. नको इतका बोलू लागला. ठिकठिकाणच्या लोकांना चार्ली दिसू लागला, नवखे मूल घेऊन फिरणारे निरपराध प्रवासी अडवले जाऊ लागले, आणि बाप शेकडो पोरांची चौकशी करीत राहिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ब्रुकलिनमध्ये एका घरफोडीच्या वेळी दोघे संशयित गोळ्या लागून पडले. त्यांतल्या एकाने मरताना अपहरणाची कबुली दिली असे सांगतात. मूल कोठे आहे हे मात्र कळले नाही. १८७६ साली रॉसने ही सारी हकीकत पुस्तकरूपाने छापली, तीही शोधाला पैसा उभा राहावा म्हणून. १८९७ साली तो वारला. चार्ली सापडला नाही.

म्हणजे आरंभापासूनच ह्या जाहिरातीच्या पदरात दोन्ही गोष्टी आहेत. ती हजारो डोळे मिळवून देते, आणि त्या डोळ्यांना भलतेच दिसू लागते. ही दुसरी गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

मधला शंभर वर्षांचा काळ मी ओलांडतो. २५ मे १९७९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात सहा वर्षांचा एक मुलगा आयुष्यात पहिल्यांदाच एकटा शाळेच्या बसकडे चालत निघाला आणि दोन गल्ल्यांच्या त्या अंतरात नाहीसा झाला. त्याचे वडील व्यवसायाने छायाचित्रकार होते. त्यामुळे मुलाची उत्तम छायाचित्रे घरात होती, आणि ती भिंतीभिंतींवर, वर्तमानपत्रांत, टाइम्स चौकातल्या पडद्यांवरही झळकली. हरवलेल्या मुलाच्या शोधात छायाचित्राचा दर्जा ही केवढी मोठी बाब आहे, हे त्या दुर्दैवी घराने जगाला दाखवले. पुढे १९८३ साली राष्ट्राध्यक्ष रेगन ह्यांनी २५ मे हा हरवलेल्या मुलांचा दिवस म्हणून जाहीर केला. १९८४ साली तेथे हरवलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय केंद्रही निघाले.

त्याच सुमारास आयोवा राज्यातील डेमॉइन परिसरात वर्तमानपत्रे टाकणारी दोन मुले नाहीशी झाली, एक १९८२ साली, दुसरा १९८४ साली, दोघेही पहाटे अंक टाकावयास निघाले असता. सप्टेंबर १९८४ मध्ये तेथील अँडरसन-इरिक्सन ह्या दुग्धालयाने दुधाच्या खोक्यांच्या बाजूवर त्या दोघांची छायाचित्रे छापली. आपल्याकडे दूध पिशवीतून येते, तेथे ते पुठ्ठ्याच्या उभ्या खोक्यातून येई. ते खोके न्याहारीच्या वेळी टेबलावर मधोमध उभे असे आणि त्याच्या एका बाजूवर बहुधा काही महत्त्वाचे छापलेले नसे. घरातली माणसे अर्धवट झोपेत समोर जे असेल ते वाचतात. जाहिरातदाराला ह्याहून चांगली जागा कोठे मिळावयाची? ही कल्पना वणव्यासारखी पसरली. १९८५ च्या आरंभीच्या महिन्यांत सुमारे ७०० दुग्धालये तिच्यात सामील झाली होती. किराणा मालाच्या पिशव्यांवर चेहरे आले. एका टपाल-जाहिरात कंपनीने मे १९८५ पासून घरोघर जाणाऱ्या कार्डांवर एका बाजूस गालिचे धुण्याची वा तत्सम जाहिरात आणि दुसऱ्या बाजूस मुलाचे छायाचित्र छापण्यास आरंभ केला.

ह्या खोक्यांनी किती मुले सापडली? फार थोडी. त्या काळची एक हकीकत मात्र वारंवार सांगितली जाते. घटस्फोटानंतर आईने आणि सावत्र बापाने पळवून नेलेली एक लहान मुलगी दुकानात गेली असता तिला दुधाच्या खोक्यावर स्वतःचेच चित्र दिसले. अक्षरे तिला वाचता येत नव्हती. ते चित्र कापून जवळ ठेवण्याची परवानगी तिला मिळाली. एके दिवशी ते ती शेजाऱ्यांच्या घरी खेळण्यांत विसरली आणि शेजाऱ्यांनी पोलिसांना कळवले. म्हणजे अनोळखी लोकांसाठी छापलेला चेहरा शेवटी पोचला तो त्या मुलीपाशीच, आपल्या त्या 'चिरंजीव अमुक'सारखा.

परंतु ह्याच हकीकतीत खोक्याचे अपयशही दडलेले आहे. त्या मुलीला परक्या राक्षसाने पळवले नव्हते, तिच्या आईने नेले होते. खोके पाहणाऱ्या देशाची समजूत मात्र अशी झाली की गल्लोगल्ली मुले पळवणारे टपून बसले आहेत. वर्षाला पंधरा-पंधरा लाख मुले नाहीशी होतात, असे आकडे व्यासपीठांवरून फेकले जाऊ लागले. तेव्हा डेन्व्हर पोस्ट ह्या वर्तमानपत्राने १९८५ साली सरळ हिशेब मांडला: हरवलेल्या म्हणून नोंदलेल्यांतली बहुसंख्य मुले एक तर स्वतः घर सोडून गेलेली असतात किंवा आईबापांच्या ताब्याच्या भांडणात एकाने नेलेली असतात. ह्या लेखमालेस १९८६ सालचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. पुढे सरकारी पाहणीतही तेच दिसले: परक्या माणसाने पळवून नेऊन डांबल्याचे, ज्याला आपण खरे अपहरण म्हणतो तसे, प्रकार १९९९ च्या सुमारास एका वर्षात त्या अवाढव्य देशात अदमासे ११५ होते. एकही असू नये हे खरे. पण ११५ आणि पंधरा लाख ह्यांत भीतीचे केवढे पीक काढता येते! डॉ. बेंजामिन स्पॉक ह्यांच्यासारख्या बालरोगतज्ज्ञांनी तक्रार केली की, रोज सकाळी दुधाबरोबर लहान मुलांना हे भय पाजू नका. दशक संपता संपता खोक्यांवरचे चेहरे दिसेनासे झाले.

आणखी एक गोष्ट बोलून दाखवली पाहिजे. त्या जागेवर कोणाचा चेहरा आला? बहुतांशी गोऱ्या, मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांचा. १९७९ ते १९८१ ह्या काळात अटलांटा शहरात दोन डझनांहून अधिक कृष्णवर्णीय मुले व तरुण मारले गेले; त्यांच्या आया रस्त्यावर येऊन ओरडत होत्या तेव्हा कोठे लक्ष गेले. फुकट दिलेली जागासुद्धा सर्वांना सारखी मिळत नाही.

टपालाच्या कार्डांनी मात्र पुढील वर्षांत शंभराहून अधिक मुले सापडण्यास मदत केली. हे का घडले असावे? माझ्या समजुतीप्रमाणे कार्ड विशिष्ट पत्त्यांवर जाते, त्यावर फोनचा क्रमांक असतो, आणि ते दर आठवड्यास बदलता येते. १९९६ साली टेक्सासमध्ये नऊ वर्षांच्या ॲम्बर नावाच्या मुलीचा खून झाल्यावर तेथील नभोवाणी केंद्रांनी आणि पोलिसांनी मिळून जी तातडीच्या सूचनेची पद्धत बसवली, तिचे सूत्रही तेच होते: सगळ्या देशाला नको, त्या परिसराला सांगा, महिन्याने नको, तासाभरात सांगा, आणि शक्यतो चेहऱ्याबरोबर गाडीचा क्रमांक सांगा. २०१३ पासून ही सूचना अमेरिकेत त्या भागातल्या मोबाईलवर आपोआप वाजू लागली, २०१५ पासून फेसबुकवर दिसू लागली. ह्या पद्धतीने आजवर हजाराहून अधिक मुले परत मिळाल्याची नोंद आहे.

गाडीच्या क्रमांकाची किंमत बेल्जियमने फार महागात शिकली. जून १९९५ मध्ये लिएज शहराजवळून आठ वर्षांच्या दोन मुली नाहीशा झाल्या. त्यांचे चेहरे असलेली भित्तिपत्रके त्या चिमुकल्या देशात दुकानादुकानांतून लागली, सीमेपलीकडेही गेली. सारा देश त्या चेहऱ्यांकडे पाहत होता आणि मुली एका तळघरात होत्या. त्या जिवंत सापडल्या नाहीत. त्याच गुन्हेगाराने नेलेल्या आणखी दोघी मात्र ऑगस्ट १९९६ मध्ये जिवंत सुटल्या, आणि त्याचे कारण असे की एका तरुणाच्या डोक्यात एका संशयास्पद गाडीच्या क्रमांकाचा काही भाग राहिला होता. तळघरात कोंडलेल्या मुलीचा चेहरा लाखो लोकांना पाठ असून काय उपयोग? तो दिसणारच नसतो. त्या वर्षी २० ऑक्टोबरला ब्रुसेल्सच्या रस्त्यांवर सुमारे तीन लाख माणसे पांढरे कपडे, पांढरे फुगे घेऊन निघाली, आणि त्या संतापातून १९९८ साली 'चाइल्ड फोकस' ही संस्था उभी राहिली.

ह्याच संस्थेने युरोपातील संघटनेच्या साहाय्याने २०१२ साली एक साधी युक्ती काढली. संकेतस्थळावर नसलेले पान मागितले की 'पान सापडत नाही' असा कोरा निरोप येतो, हे आपणांपैकी पुष्कळांनी अनुभवले असेल. ही जागा कोणी विकत घेत नाही, कोणाला तिचा उपयोग नाही. संस्थेने संकेतस्थळांच्या मालकांना म्हटले, ही जागा आम्हाला द्या. मालकाने आपल्या पानात दोन-चार ओळींची जोडणी करावयाची, की त्या कोऱ्या निरोपाच्या जागी हरवलेल्या मुलाचे छायाचित्र येते: पान सापडले नाही, हे मूलही सापडलेले नाही.

परंतु युक्तीतली शाब्दिक चमत्कृती सोडून तिच्या यंत्रणेकडे पाहा. छायाचित्र त्या हजार संकेतस्थळांवर ठेवलेले नसते. ते संस्थेच्या एकाच यादीतून येते. मूल सापडले, यादीतून नाव काढले, की तो चेहरा सर्व ठिकाणांहून एकाच वेळी नाहीसा होतो. दुधाचे खोके परत बोलावता येत नव्हते. बाजारी जाहिरातीचेही आता असेच आहे. आपण वर्तमानपत्राचे संकेतस्थळ उघडतो तेव्हा बाजूच्या चौकटीत कोणती जाहिरात यावी ह्याचा लिलाव डोळ्याचे पाते लवावयाच्या आत होऊन जातो, आणि पाहणारा कोणत्या गावी आहे हे त्या यंत्राला बहुधा ठाऊक असते. पुष्कळ चौकटींना गिऱ्हाईकच मिळत नाही. नाशिकात हरवलेल्या मुलीचा चेहरा नाशिक, मनमाड, इगतपुरी ह्या टापूतल्याच माणसांना दाखवावा, पहिले दोन दिवस दाखवावा आणि मग काढून घ्यावा, हे आज तांत्रिक दृष्ट्या अवघड राहिलेले नाही. प्रयागच्या कर्ण्याचा टापू यंत्राला आखता येतो, एवढाच ह्याचा अर्थ.

मग आपल्याकडे काय? मुंबई दूरदर्शनवरचे 'आपण यांना पाहिलंत का?' आपल्या पिढीला आठवत असेल. निर्विकार आवाजात उंची, वर्ण, अंगातील कपडे सांगितले जात, आणि घरातले मोठे माणूस 'गप्प बसा रे' म्हणून तेवढे ऐकत असे. २०१३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा विक्री गृहीत धरून गुन्हा नोंदवलाच पाहिजे. २०१५ साली केंद्र सरकारने 'खोया-पाया' हे संकेतस्थळ काढले, त्यावर नागरिकालाही माहिती घालता येत असे. गरज किती आहे हे आकडा सांगतो. २०२२ ह्या एका वर्षात देशात ८३,३५० मुले हरवल्याची नोंद झाली आणि त्यांतल्या ६२,९४६ मुली होत्या. ह्या मुली जत्रेत हात सुटून चुकलेल्या नव्हेत. कोणी स्वतः घर सोडलेले, कोणी कामाच्या वा लग्नाच्या आमिषाने नेलेल्या. अशा मुलीचे छायाचित्र चौकटीचौकटींत झळकवताना ते कोणाशी बोलते, हे विचारावेच लागते. शेजाऱ्याशी? नेणाऱ्याशी? की घरी मार बसतो म्हणून निघालेल्या त्या मुलीशीच, की बघ, तू कोठेही गेलीस तरी आम्ही गाठू? तिच्या दृष्टीने ह्या तीन अगदी निरनिराळ्या जाहिराती आहेत.

कायद्याने ह्याचा विचार केलेला आहे. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाप्रमाणे हरवलेले वा पळून गेलेले मूल हे काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल ठरते आणि अशा मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. मुलाच्या हिताचे असेल तेव्हा बालकल्याण समिती कारणे नोंदवून परवानगी देऊ शकते. मोबाईलवर 'हे मूल हरवले आहे, पुढे पाठवा' हा निरोप पाठवताना आपल्याला समिती आठवत नाही. त्या निरोपावर तारीख नसते, त्याला मालक नसतो, आणि मूल घरी येऊन कॉलेजात जाऊ लागले तरी तो फिरतच राहतो. त्या कॉलेजातही पोचतो.

आणि चार्ली रॉसच्या वेळची ती दुसरी गोष्ट, भलतेच दिसू लागण्याची, ती आपल्याच महाराष्ट्रात घडली. १ जुलै २०१८, तारीखही तीच. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून पोटासाठी फिरत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. कित्येक दिवस मोबाईलवरून तशा अफवा फिरत होत्या. त्याच वर्षी देशभर एक चित्रफीतही फिरली. दोन माणसे मोटारसायकलवरून येतात, खेळणाऱ्या पोरांतले एक उचलतात आणि निघून जातात. ही चित्रफीत म्हणजे कराचीतील एका संस्थेची जाहिरात होती. मूळ चित्रफितीत ते दोघे लगेच परत येऊन मुलाला उतरवतात आणि फलक दाखवतात की, मुलाला पळवावयास एक क्षण पुरतो, सांभाळा. कोणी तरी तो शेवट कापून टाकला. हरवलेल्या मुलांविषयी लोकांना जागे करण्यासाठी काढलेली ती जाहिरात होती, हे आपण विसरू नये.

न्यूयॉर्कच्या त्या छायाचित्रकाराच्या घराची एक गोष्ट सांगावयाची राहिली. मुलाचे चित्र जगभर गेले, खटले झाले, दशके उलटली. मूल परत आले नाही. आईबाप मात्र वर्षानुवर्षे त्याच घरात राहिले आणि टेलिफोनचा क्रमांक त्यांनी बदलला नाही. मुलाला घरचा नंबर आठवला आणि त्याने फोन केला, तर तो लागला पाहिजे, एवढ्यासाठी.